किसन मिस्त्री आणि तीन तुकड्यांचं धनुष्य

माझ्या वरच्या जबड्यात डावीकडचा एक दात नाही. दातांचे डॉक्टर विचारतात, "पडला का काढला?" मी सांगतो, "मारला." "कुणी?" "धनुष्यानं." मग डॉक्टर माझ्या वयाकडं एकदा बघतात आणि पुढं काही विचारत नाहीत. तेही बरंच आहे. दाताची गोष्ट काढली की किसन मिस्त्रींची गोष्ट निघते. ती मी आजवर पुष्कळ बैठकांत सांगितली आहे, पण लोक हसून हसून डोळे पुसायला लागले की तिथंच थांबत आलो आहे. आज जरा पुढं जाऊन बघतो.

तेव्हा मी भूम-कळंबकडच्या वाशीला सुतारांच्या एका सहकारी संस्थेत सेक्रेटरी होतो. वय चोवीस, नोकरी कच्ची, केस दाट. सहकाराचा कोर्स केलेला होता. लाकडाशी ओळख म्हणाल तर ज्या खुर्चीवर बसतो ती लाकडाची आहे, एवढीच. एकामागून एक दुष्काळ पडलेले. लोकांनी बैल विकून टाकले होते, आणि बैलच नाहीत तर गाडी कुणाला हवी, औत कुणाला हवं? वर्कशॉपमध्ये बावीस सभासद दिवसभर पत्ते कुटायचे. सरकारी योजनेतून आलेल्या यंत्राच्या करवतीवर कोळ्यांनी जाळी केली होती.

मागच्या बाजूला पत्र्याचं एक शेड होतं. तिथं एक माणूस मात्र सकाळपासून काम करत असायचा. तो सभासद नव्हता.

किसन मिस्त्री बौद्ध वस्तीतले. घराण्यात कुणी सुतारकी केलेली नाही. तरुणपणी रेल्वेचे डबे दुरुस्त करायच्या कारखान्यात ओझी उचलायला म्हणून गेले आणि बारा वर्षांनी हातात रंधा घेऊन गावी आले. संस्थेच्या छापील नियमांत 'तालुक्यातील कोणीही कारागीर' असं लिहिलेलं होतं, म्हणून त्यांनी सभासद होण्यासाठी अर्ज केला. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा कमिटीनं 'पुढील सभेत विचार व्हावा' असा शेरा मारला. त्यातला तिसरा शेरा माझ्या अक्षरात आहे. माझं अक्षर फार सुंदर होतं.

सभासद झालं की काय मिळायचं? यंत्रावर हक्क, लाकडाचा कोटा, आणि आपल्या कामावर आपलं नाव. प्रत्येक सभासद आपल्या वस्तूवर तापलेल्या लोखंडानं आपलं नाव उमटवायचा. किसन मिस्त्री त्र्यंबकअण्णा नावाच्या सभासदाच्या हाताखाली रोजानं होते, त्यामुळं त्यांनी केलेला प्रत्येक दरवाजा, प्रत्येक पाळणा 'त्र्यंबक' होऊन बाहेर पडायचा. अण्णांच्या हाताची कीर्ती पार भूम-कळंबपर्यंत होती. त्या हातानं अण्णांनी पेन्सिल तासल्याचंही मला आठवत नाही.

मिस्त्री पिण्याचं पाणी घरून बाटलीत आणत. संस्थेचा रांजण शेडपासून चार पावलांवर. मी एकदा मोठेपणानं म्हटलं, "किसन, घे की इथलं पाणी." वयानं ते माझ्या वडलांच्या बरोबरीचे. पण चेअरमन त्यांना 'किसन्या' म्हणत, मी 'किसन' म्हणायचो, आणि आपण केवढे सुधारलेले आहोत असं मला वाटायचं.

"नको सेक्रेटरी," ते म्हणाले. "तुमचं पाणी जड असतंय. पचत न्हाय मला."

माणूस बुटका, मान पुढं काढलेली, चष्म्याच्या एका काडीच्या जागी सुतळी. आणि जीभ? पटाशीला धार लावताना ते बहुतेक तिलाही लावून घेत असावेत. कुणाचं काम पसंत पडलं नाही की ते एकच प्रश्न विचारायचे, "कुणी शिकिवलं?" समोरच्यानं नाव सांगितलं की हात जोडायचे. "त्येनला माझा नमस्कार सांगा. म्हणावं, आता दुसऱ्या कुणाला शिकवू नका."

एकदा एक शेतकरी मोडलेली तिफण खांद्यावर घालून आला. तिसरं वर्ष कोरडं चाललं होतं. मिस्त्रींनी तिफण उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "पेरणार काय? धुरळा? सरपण करा हिचं. निदान एक भाकर तर भाजंल." तो माणूस तिथंच खाली बसला आणि रडायला लागला. मिस्त्री म्हणाले, "रडायलाव कामून? डोळ्यातलं पाणी तिकडं रानात न्हेऊन टाका." मी खिडकीतून ऐकत होतो. दुपारी बघतो तर तो माणूस शेडच्या सावलीत झोपलेला, आणि मिस्त्री तिफणीला नवं फण बसवतायत. तो उठल्यावर त्याच्या अंगावर तिफण जवळजवळ फेकलीच त्यांनी. "घ्या. आन् पाऊस न्हाय पडला तर मला शिव्या देऊ नका. तेवढ्यासाठी देव हाय."

लाकूड पारखायची त्यांची तऱ्हा तर मी दुसरीकडं कुठं बघितली नाही. पट्टीचं एक टोक दातांत धरायचे, दुसऱ्या टोकावर नखानं टिचकी मारायचे आणि डोळे मिटायचे. आवाज दातांतून डोक्यात जातो म्हणे, आणि आतली चीर, गाठ, कीड सगळं कळतं. मी म्हटलं, मीही करून बघतो. पट्टी दातांत धरली, टिचकी मारली.

"काय ऐकू आलं?"

"काहीच नाही."

"आं? नवल हाय. पोकळ जागंत आवाज घुमायला पायजे व्हता."

तर अशा माणसाच्या शेजारी बसून मी धनुष्य करायचं ठरवलं.

त्याचं असं झालं. पुण्याला एका शिबिराला गेलो असताना मी मैदानावर खेळाडूंची धनुष्यं बघितली. रामलीलेतली नव्हेत, खरी. मधे मूठ, तिला वर आणि खाली दोन पाती, बोल्टनं आवळलेली. खेळ झाला की बोल्ट काढायचे, तीन तुकडे पिशवीत घालायचे, चालू लागायचे. पाती अखंड लाकडाची नसून पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेली असतात, हे एका खेळाडूनं मला सांगितलं. तेवढ्यावर माझं शिक्षण पूर्ण झालं. परत येताना एसटीत मी हिशोब जुळवून टाकला की बैलगाड्या नाहीत तर नाहीत, संस्था शाळांना धनुष्यं पुरवेल. बावीस सभासद पत्ते टाकून कामाला लागतील, आणि माझी नोकरी पक्की होईल. आणि पहिलं धनुष्य मी स्वतः करणार.

पहिलं पातं मी मोडक्या गाडीच्या बाभळीच्या फळीतून काढलं. पट्ट्या कापल्या, एकावर एक ठेवल्या, आणि त्या सुटू नयेत म्हणून वीतवीतभर अंतरावर बारीक खिळे ठोकले. मोठ्या अभिमानानं शेडमध्ये नेलं.

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला. "तिरडी हाय का? माणूस उंचीला कमी दिसायलाय."

"धनुष्य आहे. पातं."

"व्हय का? मग रामानं लंकेला जाताना हातोडी नेली व्हती का?" त्यांनी ते गुडघ्यावर नुसतं टेकवलं. प्रत्येक खिळ्यापाशी एक, असं ते ओळीनं तडकत गेलं. "लाकूड उभ्या रेषांनी जगतंय सेक्रेटरी. तुमी त्येच्यावर खिळ्यांनी आडवं लिवत गेलाव. फायलीवर लिवल्यागत."

ते तुकडे त्यांनी फेकले नाहीत. शेडच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगले, खाली खडूनं तारीख घातली, आणि वर झेंडूची एक वाळकी माळ अडकवली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, "ह्ये सेक्रेटरी साहेबांच्या घराण्यातले. लवकर गेले."

त्या भिंतीवर पुढं एकूण पाच जण झाले. पाचव्यानं माझा दात नेला. तोपर्यंत मी बरंच शिकलो होतो. बाहेरून-आतून बांबूची पट्टी, मधे धामणीचं लाकूड, आणि सोलापूरहून आणलेला दोन नळ्यांचा डिंक, जो एकत्र केला की दगड होतो. सगळं बरोबर केलं. फक्त काम करताना दर दोन मिनिटांनी केसांवरून हात फिरवायची मला सवय होती, आणि केसांना मी वासाचं तेल चोपडायचो. त्याच हातांनी पट्ट्या दाबल्या. दोन दिवसांनी धनुष्य बांधलं, वर्कशॉपमधल्या सगळ्यांना बोलावलं, रुबाबात दोरी कानापर्यंत ओढली. वरच्या पात्याची बाहेरची पट्टी केळीच्या सालीसारखी सुटली आणि माझ्या तोंडावर बसली. आवाज तेरखेड्याच्या फटाक्यागत. सगळे पांगले. मी रक्त थुंकत उभा.

मिस्त्रींनी सुटलेली पट्टी उचलली, नाकाशी नेली. "मोगरा," म्हणाले. "आरं, लाकडाचं लगीन लावायलाव का हळद? तेलकट अंगाला डिंक धरतोय व्हय?" मग खाली वाकून त्यांनी माझा दात शोधला, फुंकर घालून पुसला, दातांत धरल्यासारखं करून टिचकी मारली आणि माझ्या हातात दिला. "जपून ठेवा. तुमच्यात एवढं एकच पक्कं व्हतं."

याच वेळी चेअरमन आले. त्यांना सगळे आबा म्हणत. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, माणूस हसतमुख. महिन्याभरानं संस्थेच्या आवारात प्रदर्शन भरायचं होतं, जिल्ह्याहून मोठे साहेब यायचे होते, आणि दाखवायला तर काही नव्हतं. आबांनी माझ्या सुजलेल्या तोंडाकडं बघितलं, भिंतीवरच्या चार स्वर्गवासींकडं आणि मिस्त्रींच्या हातातल्या पाचव्याकडं बघितलं आणि म्हणाले, "किसन्या, तुला जमंल का रं हे?"

"जमंल."

"मग कर की."

"माझा अर्ज हाय, आबा."

 शेडच्या दाराशी त्र्यंबकअण्णांनी हातातले पत्ते मिटले. आबा हसले. "करून तर दाखव. साहेबांच्या म्होरं, स्टेजवर तुजं नाव घेतो. सभासद नंबर तेवीस. सेक्रेटरी, लिहून ठेवा."

मी लिहून ठेवलं.

त्यानंतरचे दिवस मी कधी विसरणार नाही, कारण मिस्त्रींनी मला विसरू दिलं नसतं. तेही धनुष्याला नवखेच होते. पण लाकडाला नवखे नव्हते. सगळ्यात आधी त्यांनी मला राखेनं आणि चिंचेनं हात धुवायला लावले, मग डोकं रिठ्यानं धुवायला लावलं, मग डोक्याला फडकं बांधलं. चिंचेच्या ओंडक्यातून पात्याच्या वळणाचा साचा कोरला. धामणीच्या पट्ट्या कितीतरी बघितल्या. दातांत धरायच्या, टिचकी मारायची, फेकून द्यायच्या. शेवटी दोन ठेवल्या. "ह्या सख्ख्या हायत," म्हणाले. "एकाच बुंध्याच्या, शेजारशेजारच्या."

डिंक लावून थर साच्यावर बसवले की ते आवळायला आमच्याकडं शिकंजे नव्हते. सायकलच्या जुन्या ट्यूबा उभ्या फाडून त्यांच्या लांब पट्ट्या केल्या आणि जखमेवर बांधावं तसं पातं साच्याशी गुंडाळत गेलो. मी जोर लावून ओढायला लागलो तर हातावर फटका बसला. "गळा आवळू नका. सगळा डिंक बाहेर आला तर आत काय ऱ्हाईल? धरायचंय, मारायचं न्हाय." मग ते गाठोडं पत्र्यावर उन्हात ठेवायचं. त्या वर्षीच्या उन्हाचा एवढा एकच उपयोग झालेला मी बघितला. मुठीला शिसव. बोल्ट एका कोरड्या विहिरीवर गंजत पडलेल्या इंजिनातून काढले.

मग पाती तोलायचं काम. भिंतीला लाकडी ठोकळा ठोकून त्यावर धनुष्य आडवं ठेवायचं, दोरीला वाळूची बादली लटकवायची, आणि दोन्ही बाजू किती वाकतात ते बघत फुटक्या काचेनं जिथं ताठ आहे तिथं खरवडायचं. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मला दोन्ही बाजू पहिल्याच दिवशी सारख्या दिसत होत्या.

"सारख्या न्हायत्या," ते म्हणायचे. "एक भाऊ वाकायलाय, एक भाऊ बसून खायलाय. जो वाकतोय त्योच मरंल." आणि माझ्याकडं बघून, "तुमाला न्हाय कळायचं. तुमी बसणाऱ्यातले."

शेवटी एक दिवस, भल्या सकाळी, त्यांनी काच खाली ठेवली. कोंबड्याची पिसं लावलेले तीन बाण केले होते. शेडमागं कडब्याच्या दोन पेंढ्या उभ्या केल्या. मला वाटलं, पहिला मान मला. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. बाण लावला, ओढला, सोडला. बाण दोन्ही पेंढ्यांतून आरपार जाऊन मागच्या कुडाच्या भिंतीत थरथरत राहिला. मिस्त्री हसले. मी त्यांना हसताना त्याआधी बघितलं नव्हतं. पुढचे दात थोडे झिजलेले होते.

दुपारभर आम्ही बाण मारले. मी एकदा नुसतीच दोरी ओढून सोडली, गंमत म्हणून, अर्धवटच. मिस्त्रींनी झडप घालून धनुष्य माझ्या हातातून काढून घेतलं. पात्यांवरून बोटं फिरवत किती तरी वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, "रिकामं सोडायचं न्हाय. कदी न्हाय. समजलं का? बाण असला की सगळं बळ त्यो घिऊन भाईर जातोय. बाण नसला तर बळ जाईल कुठं? घरातच फिरतंय, आन् घर पाडतंय. म्हणा."

"काय?"

"रिकामं सोडायचं न्हाय. म्हणा."

मी म्हटलं. तीनदा म्हणवून घेतलं. "मी तर स्टेजपाशी नसणार," ते म्हणाले. "साहेबांना तुमी सांगायचं. एवढं एक काम करा. तुमच्याकडं दुसरं न्हाय मागत."

प्रदर्शनाच्या दिवशी ते पांढरा शर्ट घालून आले. इस्त्री तांब्यात निखारे घालून केलेली असावी. पाठीवर एक करपलेला गोल डाग होता. आबांनी त्यांना शेडपाशी थांबायला सांगितलं. "नाव पुकारलं की ये." मांडव पुढच्या अंगणात, शेड मागं, मधे वर्कशॉपची इमारत. मिस्त्री शेडच्या दारात उभे राहिले. बसले नाहीत. शर्ट चुरगळला असता.

मी सकाळपासून फार खुशीत होतो. प्रास्ताविक मी लिहिलं होतं आणि मीच वाचणार होतो. त्यात धनुष्याची कल्पना, धनुष्याची रचना, धनुष्याची निर्मिती हे सगळं 'संस्थेच्या तरुण सचिवांच्या अथक परिश्रमांतून' झालेलं होतं. किसन मिस्त्रींचं नाव अगदी शेवटच्या परिच्छेदात होतं, सभासद नंबर तेवीसपाशी.

धनुष्य तबकात ठेवलं होतं, हळदकुंकू वाहून, शेजारी तीन बाण. आबांनी बाण बघितले आणि माझ्या कानाशी लागले. "हे काय? पाव्हण्यांच्या हातात बाण द्यायचा? म्होरं बायामाणसं बसल्याती. उचला ते. साहेब नुसतं ओढून सोडतेल, फोटू निघंल. मानाचं काम हाय, नेम धरायचं न्हाय."

मी तोंड उघडलं. आबा म्हणाले, "चला, वाचा."

मी बाण टेबलाखाली ठेवले आणि वाचायला लागलो. माझा आवाज भोंग्यातून गावभर जात होता. फार गोड वाटत होता तो मला. माझ्या उजव्या हाताला, तीन पावलांवर, साहेबांनी धनुष्य उचललं. फोटोवाल्यानं 'ओढा साहेब' म्हटलं. साहेबांनी ओढलं आणि सोडलं. रिकामं. ठण्ण करून आवाज आला, पात्यांतून एक शहारा गेला, तो मी बघितला. मी वाचत राहिलो. फोटोवाल्याचा फ्लॅश पेटला नव्हता. "आणखी एकदा साहेब." मी 'अथक परिश्रमांतून' पाशी होतो. एवढ्या मोठ्या माणसाला मधेच थांबवायचं कसं, आणि एवढं चांगलं वाक्य मधेच तोडायचं कसं? साहेबांनी परत सोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना मजा वाटली असावी. तिसऱ्यांदा त्यांनी कुणी न सांगता ओढलं, चांगलं कानापर्यंत.

वरचं पातं मधोमध फुटलं. एक कपची साहेबांच्या गालात घुसली. मांडवात पळापळ झाली, तबक सांडलं, टेबल आडवं झालं, बाण लोकांच्या पायांत आले. साहेबांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. त्यांना चार टाके पडले.

आवाज ऐकून मिस्त्री धावत आले होते. पांढरा शर्ट, हातात काही नाही. त्यांनी कुणाकडं बघितलं नाही. गुडघ्यांवर बसले आणि फुटलेलं पातं उचललं. आबा वरून ओरडत होते. "किसन्या, मुडदा पाडला असतास की आज! जातीचं काम जातीलाच येतंय, हेच खरं." त्र्यंबकअण्णा पुढं झाले आणि त्यांनी मिस्त्रींच्या कानाखाली मारली. चष्मा सुतळीवर लोंबकळला. मिस्त्रींनी तो परत लावला, फुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि माझ्याकडं मान वर करून विचारलं. आवाज चढवून नाही, एखादं माप विचारावं तसं.

"सेक्रेटरी, बाण व्हता ना?"

आबा माझ्याकडं बघत होते. माझी नोकरी कच्ची होती. बाण मिस्त्रींच्या गुडघ्यापाशीच पडले होते, पण ते माझ्याकडं बघत होते.

"होता," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. लाकडाच्या बाबतीत माझ्या एका शब्दावर त्यांनी विश्वास ठेवल्याची ती पहिलीच वेळ. मग खाली वाकून ते कपच्या गोळा करायला लागले, एक न् एक, शर्टाच्या ओच्यात.

पुढच्या सभेत ठराव झाला. 'काम निकृष्ट दर्जाचे आढळल्याने अर्ज कायमचा फेटाळण्यात येत आहे.' अक्षर माझंच. मिस्त्री त्याआधीच शेड सोडून गेले होते. भिंतीवरचे माझे पाच स्वर्गवासी उतरवून एका कोपऱ्यात नीट रचून ठेवले होते. मी वर्षभरात पक्का झालो, आणि मग माझी बदली झाली.

नऊ-दहा वर्षांनी नळदुर्गकडं निघालो होतो. एसटी अणदूरला थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. रस्त्याच्या कडेला बोरीच्या झाडाखाली पोतं पसरून एक माणूस बसला होता. पुढं लाटणी, मुसळं, कुऱ्हाडीचे दांडे, कुदळीचे दांडे. मानेवरून मी ओळखलं. उतरलो.

"मिस्त्री, ओळखलंत का?"

त्यांनी चष्म्यातून बघितलं. "सेक्रेटरी. या. केस गेले की तुमचे." मुलगी इथं दिली होती, तिच्याकडं राहत होते. मी चाललेलं काम विचारलं. "हेच," म्हणाले. "अखंड लाकडाचं. जोडाचं काम सोडलं मी."

"का?"

"हात न्हाय राहिला." मग पोत्यावरची भुशी हातानं बाजूला सारत ते हळू बोलायला लागले. "म्या तसली पाती पुन्यांदा केली. चार केली. तोच डिंक, तीच धामण. रोज बाण मारून बघितले, शेकड्यांनी. एकबी फुटलं न्हाय. मग तेच कामून फुटलं? डिंक नवा व्हता, मीच नळी उघडली. पाती तोललेली. लई इचार केला. कुटंतरी माझा हात चुकला, आन् मला कळलं न्हाय. जे चुकलेलं कळत न्हाय, त्या हातानं कुणाचा दरवाजा करावा? कुणाचा पाळणा करावा?"

मी एसटीकडं बघितलं. ड्रायव्हर चहा संपवत होता.

"सेक्रेटरी," ते म्हणाले, "तुमी जवळ व्हताव. बाण नक्की व्हता ना?"

एवढ्या वर्षांत मी किती वेळा हे वाक्य मनात म्हणून बघितलं होतं, की नव्हता मिस्त्री, आणि तुमचा हात चुकला नव्हता. तोंडाशी आलं होतं. मग लक्षात आलं की त्यानंतर मला काहीतरी बोलावं लागेल, आणि त्यानंतर त्यांच्याकडं बघावं लागेल.

"होता," मी म्हणालो. "नक्की होता."

"बरं झालं इचारलं," ते म्हणाले.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी चढलो, खिडकीशी बसलो. तेवढ्यात एक बाई आली, तिनं एक लाटणं उचललं, उन्हात धरलं आणि बडबडायला लागली, "ह्ये वाकडं हाय की वं बाबा." खिडकीतून मला दिसत होतं. लाटणं बाणासारखं सरळ होतं. मिस्त्रींनी ते तिच्या हातातून घेतलं, डोळ्याशी धरलं, आणि बराच वेळ बघत राहिले.

"आसंल, बाई," ते म्हणाले. "दुसरं घ्या."